मुद्रित गाणे आणि लयमापक : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या निमित्ताने एक विचार

लय अगोदर की लय मोजण्याचे साधन अगोदर, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटेल. गाणारा गातो, वाजविणारा वाजवितो, आणि मोजणारा मागाहून मोजतो, हा क्रम स्वाभाविक होय. तथापि गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात हा क्रम एकदा उलटला आणि नंतर पुन्हा सुलटला. ह्या दोन्ही उलथापालथींच्या खुणा ध्वनिसंपादनाच्या आजच्या संगणकीय साधनांत जशाच्या तशा सापडतात. नवे गाणे मुद्रित करावयाचे असता प्रथम यंत्राची टिक्‌टिक् सुरू करतात आणि गायक-वादक तिच्या अनुरोधाने चालतात. परंतु गाणे आधीच मुद्रित झालेले असेल आणि त्यास मागाहून ठोका जुळवावयाचा असेल, तर आज्ञा देण्याचा अधिकार ठोक्याकडे राहत नाही. मुद्रित ध्वनी हलत नाही. हलावयाचे ते लयमापकानेच. प्रस्तुत विवेचन ह्या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे, आणि ते जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात करण्यास सबळ कारण आहे.

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे माहेर म्हणून महाराष्ट्रात ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रांचे पुढारी येऊन सुपारी ठरवितात, आणि चैत्र-वैशाखाचा हंगाम येथून सुरू होतो. भाऊ-बापू नारायणगावकरांचा फड आणि त्याच घराण्यातील विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) ह्यांच्यामुळे ह्या गावाचे नाव तमाशाच्या इतिहासात कायमचे जडले आहे. विठाबाईंचा १९५७ आणि १९९० ह्या दोन वर्षी राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. राज्य शासनाने २००६ पासून त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार ठेवला. आणि ह्याच नारायणगावापासून थोड्याच अंतरावर, खोडद येथे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून उभारलेली ही दुर्बीण २००१ साली राष्ट्रास अर्पण करण्यात आली. तमाशाचा आणि ताऱ्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो मुद्रित ध्वनीतील ठोक्याचाच आहे. त्याचा विचार यथाक्रम पुढे येईल.

प्रथम फडातील लय. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही तमाशाची मूळ वाद्ये. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग अशा क्रमाने खेळ पुढे सरकतो, आणि त्याबरोबर लयही सरकते. लावणीची रचना बहुशः मात्रावृत्तांत असते. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त जे आवर्तनाचे तत्त्व प्रतिपादिले, त्यानुसार आठ मात्रांचे पद्मावर्तन आणि सहा मात्रांचे भृंगावर्तन हे लावणीचे नित्याचे साचे होत. परंतु कागदावर आठ मात्रा सारख्या दिसल्या तरी रंगमंचावर त्या सारख्या असत नाहीत. सुरत्ये झील धरतात तेव्हा शेवटचा स्वर किंचित लांबतो. नर्तकी फिरकी घेऊन समेवर येते तेव्हा ढोलकीवाला तिच्या पायाकडे पाहून थाप राखून ठेवतो. आणि अखेरीस लय चढत जाते. ह्या लयीचा मालक कोणी एक नाही. ढोलकी नर्तकीस बांधलेली, नर्तकी गळ्यास, गळा पुन्हा ढोलकीस. परस्परांशी जुळवून घेण्याच्या ह्या क्रियेचा मार्टिन क्लेटन आदि संशोधकांनी हिंदुस्थानी संगीताच्या संदर्भात विस्ताराने अभ्यास केला आहे. तमाशाच्या बाबतीत तसे काम फारच थोडे झाले आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

यांत्रिक ठोक्याचा इतिहास ह्याहून अगदी वेगळा आहे. दीत्रिख निकोलाउस विंकेल ह्याने १८१४ साली ॲम्स्टरडॅम येथे दुहेरी लंबकाचे लयमापक बनविले. योहान मेल्झेल ह्याने त्यास अंकांची पट्टी जोडून १८१५ साली ते स्वतःच्या नावे नोंदविले. बेथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या रचनांसाठी ह्या यंत्राचे अंक प्रसिद्ध केले. (आजचे ध्वनिशास्त्राचे अभ्यासक ज्या ‘प्राट’ नावाच्या संगणकीय साधनावर विसंबतात तेही ॲम्स्टरडॅम विद्यापीठातच घडले, ठोका मोजण्याचे आणि उच्चार मोजण्याचे साधन एकाच नगरात निपजावे, हा योगायोग मौजेचा आहे.) लयमापकाने गायनाविषयी काही नवे शोधून काढले असे नाही, त्याने एवढेच केले की रचनाकाराची इच्छा अंकांच्या रूपाने वादकावर लादण्याची सोय केली. पुढे बोलपट आला. चित्रपटाच्या फितीवर सेकंदास चोवीस चित्रे, म्हणजे मिनिटास १४४०. तेव्हा दर बारा चित्रांमागे एक ठोका ठेवला की मिनिटास १२० मात्रांची लय आपोआप मिळे. वादकांच्या कानांत हा ठोका सोडून चित्र आणि वाद्यवृंद ह्यांची सांगड घालण्याची पद्धत बोलपटाच्या पहिल्या दशकातच अमेरिकेत रूढ झाली. संगीतात यंत्राची सत्ता खऱ्या अर्थाने येथे सुरू होते.

मराठीत हीच सत्ता निराळ्या वाटेने आली. पार्श्वगायनाची पद्धत १९३५ नंतर स्थिर झाली आणि गाणे आधी, चित्रण नंतर, हा क्रम पडला. ‘राम जोशी’ (१९४७) किंवा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) ह्यांसारख्या तमाशाप्रधान चित्रपटांत लावणी नाचणारी नटी मुद्रित गाण्यावर नाचत होती. ढोलकीवाला तिच्या पायाकडे पाहत नव्हता. तो कित्येक दिवसांपूर्वी वाजवून घरी गेला होता. अगोदर मुद्रित झालेल्या ध्वनीशी जिवंत ठोका जुळविण्याचे काम मराठी कलाव्यवहारात सर्वप्रथम नर्तकीच्या चाळांनी केले असे म्हणावयास हरकत नाही. पुढे यात्रेतील फडांनीही चित्रपटांतील गाणी उचलली, विजेवर चालणारी तालवाद्ये आली, आणि प्रसंगी मुद्रित गाण्यावर ढोलकी वाजविण्याचा प्रकारही आला. ज्या वादकाच्या थापेकडे पाहून नर्तकी समेवर येत असे, तोच आता कर्ण्यातून येणाऱ्या, त्याच्याकडे न पाहणाऱ्या ठोक्यामागे धावू लागला.

एवढ्या पार्श्वभूमीवर मूळ प्रश्नाकडे वळता येईल. जत्रेच्या रात्री फितीवर उतरविलेली एखादी लावणी संशोधकाच्या हाती आली आणि तिची लय मोजावयाची आहे. ध्वनिसंपादनाच्या कोणत्याही साधनात एक लयमापक असतो आणि पडद्यावर मात्रांच्या उभ्या रेषांचे जाळे आखलेले असते. नवशिक्या अभ्यासकाची पहिली प्रवृत्ती अशी की, एकदा लयीचा अंक काढावा आणि यंत्रास सांगून टाकावा. समजा, आठ मात्रांची सोळा आवर्तने ४८ सेकंदांत झाली. म्हणजे १२८ मात्रा, मिनिटास १६०. गणित बिनचूक आहे, आणि तरीही ते बहुधा निरुपयोगी ठरते. खरी लय १६० ऐवजी १६१ असेल, तर तीन मिनिटांच्या अखेरीस लयमापक तीन मात्रा मागे पडलेला असेल. फरक एक मात्रेचा नसून मिनिटास एक-षष्ठांश मात्रेचाच असला, तरी तीन मिनिटांनंतर ठोका दोन मात्रांच्या बरोबर मधोमध पडेल आणि कानास तो उलट्या वजनाचा वाटेल. सरासरी ही कोणत्याही एका क्षणाची लय नव्हे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

म्हणून जाणते लोक दुसऱ्या मार्गाने जातात. प्रथम पहिली सम निश्चित करावयाची आणि जाळ्याची पहिली रेषा तेथे आणून ठेवावयाची. मुद्रणाच्या आरंभी असणारी शांतता, तुणतुण्याची जुळवाजुळव आणि निवेदन ही मोजणीबाहेर ठेवावयाची. त्यानंतर गाणे ऐकत प्रत्येक समेवर, निदान दर दोन-चार समांवर, खूण करावयाची. दोन खुणांमधील काळास मात्रांच्या संख्येने भागले की त्या आवर्तनाची लय मिळते. अशा लयींची मालिका म्हणजे त्या गाण्याचा लयालेख. लयमापक ह्या लयालेखानुसार चालू लागला की तो गाण्याबरोबर थबकतो आणि गाण्याबरोबरच धावतो. संगणकाने आपण होऊन ठोके शोधावेत ह्यासाठीही पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. मासाताका गोतो, एरिक शायरर आणि सायमन डिक्सन ह्यांची १९९० नंतरची कामे ह्या क्षेत्रात पायाभूत मानली जातात. परंतु यंत्र दोन ठिकाणी हमखास फसते. एक म्हणजे दुप्पट-निमपट: मिनिटास १६० की ८०, हे ध्वनीच्या आघातांवरून ठरत नाही, ऐकणाऱ्याच्या परंपरेवरून ठरते. दुसरे म्हणजे सम. हलगीचा आघात सर्वांत तीक्ष्ण असतो म्हणून यंत्र त्यास प्रमुख मानते. पण सम तेथे असेलच असे नाही.

ह्या ठिकाणी भाषाशास्त्राचा एक मुद्दा उपस्थित होतो, आणि तो संगीताच्या अभ्यासकांकडून सहसा निसटतो. गायिलेल्या अक्षराची खूण नेमकी कोठे करावयाची? ‘सा’ ह्या अक्षरात ‘स्’चे घर्षण सुमारे १०० मिलिसेकंद चालू शकते आणि मग स्वर सुरू होतो, ‘बा’मध्ये असे दीर्घ पूर्वांग नाही. मिनिटास १६० मात्रांच्या लयीत एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची असते. म्हणजे केवळ ‘स्’ एक-चतुर्थांश मात्रेहून अधिक जागा व्यापतो. अक्षराच्या दृश्य आरंभावर खूण केली तर सकारारंभी ओळींत गायिका ठोक्याच्या आधी शिरते आणि बकारारंभी ओळींत ती वेळेवर येते, असा चमत्कारिक निष्कर्ष निघेल. मॉर्टन, मार्कस आणि फ्रँकिश ह्यांनी १९७६ साली दाखवून दिले की, अक्षर ‘घडल्या’चा क्षण ऐकणारा त्याच्या आरंभाशी लावीत नाही, तो क्षण साधारणतः स्वराच्या उगमाजवळ पडतो. गायिकेस हे शास्त्र शिकावे लागत नाही. ती ‘स्’ मात्रेच्या आधी टाकते आणि स्वर मात्रेवर ठेवते. लयालेख करणाऱ्याने मात्र हे शिकावयास हवे. अन्यथा तो वर्णांच्या उच्चाराचे स्वाभाविक अंतर गायिकेच्या खाती लयदोष म्हणून मांडील.

आता ह्याहून अवघड गोष्ट. लयालेख चढता निघाला, तर लय गाणाऱ्यांनी चढविली की यंत्राने? जुन्या तबकड्यांवर ७८ फेऱ्यांचा अंक छापला असला तरी त्या सर्व त्याच गतीने मुद्रित झाल्या होत्या असे नाही. ७६ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजविली तर मिनिटास १६० मात्रांची लय १६४ च्या पुढे जाते आणि स्वर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने उंचावतो. कॅसेटच्या काळात ही अडचण निराळ्या रूपाने आली. यात्रेच्या मैदानात बॅटरीवर चालणारे यंत्र रात्र सरता सरता मंदावत जाई. मंद गतीने मुद्रित झालेली फीत घरी योग्य गतीने वाजविली की उत्तररात्रीची लावणी अधिक चढी आणि अधिक द्रुत ऐकू येते. तमाशात लय स्वभावतःच चढत असल्यामुळे ऐकणाऱ्यास शंकाही येत नाही. विजेच्या प्रवाहावर मुद्रण झाले असेल तर त्यात बहुधा ५० आवर्तनांची बारीक घरघर मिसळलेली असते आणि तिच्यावरून फितीची गती तपासता येते. बॅटरीच्या यंत्रात तीही सोय नाही.

परंतु तमाशाच्या मुद्रणात एक साक्षीदार नेहमी हजर असतो, आणि तो म्हणजे तुणतुणे. त्याची तार एकच, स्वर एकच. फितीची गती बदलली तर लय आणि स्वर दोन्ही सारख्याच प्रमाणात बदलतात. गाणाऱ्यांनी लय वाढविली तर स्वर जागच्या जागी राहतो. म्हणून लयालेखाच्या शेजारी तुणतुण्याच्या स्वराचा आलेख ठेवला आणि दोन्ही रेषा समप्रमाणात चढताना दिसल्या, तर दोष फितीचा. तुणतुण्याची रेषा आडवी राहून लय तेवढी चढली, तर ते फडाचे कर्तृत्व. तार ढिली पडण्याचा संभव असतोच, पण ढिली तार स्वर उतरविते, चढवीत नाही. आणि सुरत्या ती पुन्हा जुळवितो तेव्हा आलेखात पायरी पडते, उतार पडत नाही. ही युक्ती नवी नाही. रूसलोच्या काळापासून प्रायोगिक ध्वनिशास्त्रात काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर उच्चाराच्या रेषेबरोबर स्वरकाट्याच्या कंपनाची रेषाही उमटवीत असत, ती ह्याचसाठी. नळकांडे हाताने फिरो की घड्याळाच्या कमानीने, त्याची गती डळमळली तरी स्वरकाट्याची रेषा त्याची चुगली करी. नारायणगावच्या फडात स्वरकाटा सुरत्याच्या हातात होता, इतकाच फरक.

ध्वनी कोठून मुद्रित झाला हाही प्रश्न क्षुल्लक नव्हे. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो; रंगमंचापासून ५० मीटरवर बसलेल्याच्या यंत्रात ढोलकी सुमारे १४७ मिलिसेकंद उशिरा पोहोचते. जवळच्या कर्ण्याचा ध्वनी मात्र तत्काळ. मुद्रणात दोन्ही मिसळले असतील तर एकाच थापेचे दोन ठसे उमटतात आणि यंत्र त्यांस दोन आघात मानते. अशा फितीत कोणत्या ठशास प्रमाण मानावयाचे हे एकदा ठरवून शेवटपर्यंत तेच पाळावे लागते.

येथे खोडदची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९६७ साली जोसेलिन बेल ह्यांना आकाशातून दर १.३४ सेकंदास येणारा एक ठोका सापडला. पुढे अशा ताऱ्यांना ‘पल्सार’ किंवा स्पंदक म्हणू लागले. १९८२ साली सापडलेला एक स्पंदक सेकंदास ६४२ वेळा फिरतो. त्याच्या शोधकर्त्यांत महाराष्ट्रातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. इतक्या जलद ठोक्यांस ठोका म्हणणेही कठीण. ध्वनीच्या रूपाने ऐकला तर तो एक स्थिर स्वर लागेल. दुर्बिणीत एकेक स्पंद इतका क्षीण असतो की तो गोंगाटात बुडून जातो. तेव्हा खगोलशास्त्रज्ञ करतात ते असे: तासन्‌तासांचे संकेत आधी मुद्रित करून ठेवतात, मग त्यात एखादा आवर्तनकाल दडला आहे काय ते शोधतात, आणि तो सापडला की सारे मुद्रण त्या आवर्तनाच्या लांबीने कापून एकावर एक रचतात. आवर्तन बरोबर असेल तर क्षीण स्पंद साठत साठत वर येतो. किंचित चुकले तर सारे पसरून जाते. मुद्रित गाण्यास लयमापक जुळविण्याची क्रिया हीच, परंतु तिची अचूकता कल्पनेबाहेरची.

आणि अडचणीही त्याच. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने ठोके कधी लवकर, कधी उशिरा पोहोचतात. म्हणून काल सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी लावून घ्यावा लागतो. अवकाशातील विरल द्रव्यातून येताना कमी कंपनांच्या लहरी जास्त कंपनांच्या लहरींमागून येतात. तोही विलंब वजा करावा लागतो. १९७४ साली रसेल हल्स ह्यांना ५९ मिलिसेकंदांच्या एका स्पंदकाचा ठोका दर वेळी निराळा भरू लागला, तेव्हा आपल्या मोजणीतच चूक असावी असे त्यांना प्रथम वाटले. चूक नव्हती, तो तारा दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरत होता, आणि लयीचा चढउतार हीच त्याच्या भ्रमणाची खूण होती. खोडदच्या दुर्बिणीने सापडलेला पहिला स्पंदक, ज्याची वार्ता २००४ साली प्रसिद्ध झाली, तोही असाच. तो एन. जी. सी. १८५१ ह्या तारकागुच्छात असून ४.९९ मिलिसेकंदांत एक फेरी घेतो आणि अत्यंत लंबवर्तुळाकार कक्षेत १८.८ दिवसांत आपल्या जोडीदारास प्रदक्षिणा घालतो. एकाच अंकावर बसविलेल्या लयमापकास हा तारा कधीच सापडता ना. त्याच्या लयीचा आलेख म्हणजेच त्याची कक्षा होय.

ह्यातील खरा मुद्दा पुढे आहे. खगोलशास्त्रज्ञ आपला लयमापक शक्य तितका चोख बसवितात, ते मुद्रण ‘सुधारण्या’साठी नव्हे. लयमापकाने भाकीत केलेला क्षण आणि ठोका प्रत्यक्ष आलेला क्षण ह्यांची वजाबाकी करून जी बाकी उरते, तिच्यात त्यांचे सारे स्वारस्य असते. २०२३ च्या जूनमध्ये युरोपीय आणि भारतीय संशोधकांच्या गटांनी, ज्यात खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे समाविष्ट होती, अशाच बाक्यांतून अतिमंद गुरुत्वलहरींच्या अस्तित्वाचा पुरावा मांडला. ती बाकी ‘लयदोष’ म्हणून कोणी पुसून टाकली असती तर त्या लहरींचा मागमूसही उरला नसता.

संगीताच्या बाबतीत मात्र ही पुसापुशी रोज होते. लयालेख तयार झाला की ध्वनिसंपादनाची साधने आणखी एक सोय देतात: जाळे गाण्याप्रमाणे वाकविण्याऐवजी गाणेच ताणून-आखडून जाळ्यात बसविता येते. एका कळीसरशी राखून ठेवलेली थाप रेषेवर येते, लांबविलेली झील आखूड होते, चढती लय सपाट होते. नव्या वाद्यमेळात जुनी लावणी मिसळावयाची असेल तर व्यावसायिकास हे सोयीचे असते, आणि त्याने तसे करू नये असे म्हणण्याचा अधिकार संशोधकास नाही. परंतु अशी सपाट केलेली प्रतच पुढे जुने मुद्रण म्हणून फिरू लागते आणि मूळ फीत कोणाच्या माळ्यावर बुरशी खात पडते, ही गोष्ट निराळी. हस्तलिखिताच्या संपादनात पाठ सुचविणारा संपादक मूळ पोथीवर खाडाखोड करीत नाही. सुचविलेला पाठ तळाशी देतो. लयालेखाची जागा तीच असावयास हवी. सॉनिक व्हिज्युअलायझर (२००७) सारख्या साधनांत खुणांचा थर ध्वनीपासून स्वतंत्र ठेवता येतो. खूण कोणी केली, वर्णारंभावर केली की स्वरारंभावर, तुणतुण्याशी ताडून पाहिली की नाही, हे त्याच थरात नोंदविता येते. दोन अभ्यासकांचे लयालेख भिन्न निघाले तर दोन्ही ठेवावेत. नारायणगावच्या फडांतील कोणत्या पिढीत लय किती चढे, ढोलकी समेस किती राखून ठेवी, ह्याचा लिखित पुरावा जवळजवळ नाही. जो आहे तो फितींतच आहे, आणि तो काही मिलिसेकंदांचा आहे.

आंबेगावच्या बाजूस गेले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. ज्या गावावरून ह्या तालुक्यास नाव मिळाले ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावास आहे. भीमाशंकराच्या डोंगरातील ह्या गावांत तमाशाची ढोलकी पाहुणी म्हणून येई. घरचे गाणे जात्यावरचे. जात्यावरील ओव्यांचे जे मोठे संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून आरंभिले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल त्या कामात आले आणि १२० तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ते जनतेस ऐकावयास खुले होऊ लागले. बेल ह्यांचा पूर्वेतिहास येथे महत्त्वाचा आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी जेम्स किपेन ह्यांच्यासह लखनौच्या तबल्याचे बोल संगणकास शिकविण्यासाठी ‘बोल प्रोसेसर’ तयार केला होता. मात्रांनी आखलेला काळ आणि न आखलेला, सलग काळ, असे दोन काळ त्या साधनात मुळापासूनच वेगळे मानलेले आहेत.

जात्यावरच्या ओवीस हा भेद नेमका लागू पडतो. तिला ढोलकी नाही, टाळ नाही. जात्याची घरघर हाच काय तो आधार, आणि तीही ठोका नव्हे. फेऱ्याची गती दाण्याच्या प्रकारावर, वैरण्यावर आणि दुसऱ्या हाताच्या जोरावर कमी-अधिक होते. ओवीच्या चरणांतील अक्षरसंख्याही स्थिर नसते. गाणारी अक्षरे कधी दाबते, कधी पसरते. काही बायका फेऱ्याशी चरण बांधतात, काही बांधीत नाहीत. त्यातच पुष्कळसे मुद्रण जाते प्रत्यक्ष न फिरविता, केवळ बसून गायिलेल्या ओव्यांचे असते, आणि तेथे घरघरही नाही. अशा मुद्रणावर यंत्र सोडले तर ते ठोके शोधून दाखवितेच. शोधावयास सांगितले म्हणून शोधते. पडद्यावर रेषा उमटतात, लयीचा अंकही दशांशासह येतो.

तेथे लयालेखात करावयाची नोंद अशी की, अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत काळ मोजलेला नाही. लावणीपूर्वीच्या सलग आलापीसही हाच न्याय. बहुतेक साधनांत जाळे बंद करता येत नाही. ते सरासरीच्या अंकाने मागे चालूच राहते. म्हणून त्या भागापुरता लयमापकाचा आवाज शून्यावर आणावयाचा, आणि पुढची पहिली खूण जेथे जात्याचा खुंटा खरोखर फिरलेला ऐकू येतो तेथे करावयाची.